चढावरचं फाटक

१

टुलॉक नवराबायको लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा फिरायला बाहेर पडले, तेसुद्धा मेंढ्यांनी सवड दिली म्हणून. दक्षिण बेटाच्या टोकाला त्यांच्या शेतावर जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, एडके कळपातून बाजूला काढले, की थोडे दिवस हाताला काम कमी असतं. कुत्र्यांना खायला घालायचं शेजाऱ्यानं कबूल केलं, बोटीची तिकिटं निघाली, आणि सामुद्रधुनी ओलांडताना नेव्हिलनं पोटातलं सगळं समुद्राच्या स्वाधीन केलं. वेलिंग्टनच्या धक्क्यावर पाय टेकल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "एवढं उभं गाव कशाला वसवायचं माणसानं? सपाट जागा संपली होती का?"

रेविन त्याच्या मागून चालत होती. नेव्हिल कायम पुढे चालायचा. रानात, बाजारात, इतकंच काय, लग्न लागल्यावर चर्चमधून बाहेर पडतानाही तो चार पावलं पुढेच होता आणि पाहुणे हसले होते. माणूस वाईट नव्हता. मागे कोणी आहे हे त्याच्या लक्षातच राहायचं नाही. शेतावर ते खपून जायचं. इथे परक्या गर्दीत त्याची पाठ बघत चालताना तिच्या मनात आलं, मी हरवले तर ह्याला जेवायच्या वेळेपर्यंत पत्ता लागायचा नाही.

आणि ह्या खेपेला तिला हरवून चालणार नव्हतं. तिला तिसरा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. दुसऱ्या वेळी नेव्हिल लोकर कातरायच्या शेडमागे जाऊन रडला होता, आणि त्यानंतर त्या विषयावर त्यानं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. म्हणून ह्या वेळी तिनं कोणाला, अगदी आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं. वर टेकडीवर, जिथून सगळं बंदर दिसतं म्हणतात, तिथे त्याला उभं करायचं आणि मग सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी तर ही सगळी यातायात.

ते उतरले होते त्या घराची मालकीण, मिसेस पॅगेट, सकाळी अंडी वाढताना म्हणाली, "वर जायचंय ना? गाडीला मोठा वळसा पडतो. समोरच्या दुकानाशेजारून पायऱ्यांची वाट आहे. सगळे तिकडूनच चढतात."

"आणि उतरायचं पण तिथूनच?" रेविननं विचारलं.

"आधी चढा तर खरं," बाई म्हणाली.

तिनं रेविनकडे पाहिलं, मग नेव्हिलकडे, मग पुन्हा रेविनकडे. त्यात वावगं असं काही नव्हतं. पण रेविन स्वतः बाजारात मेंढ्यांकडे असंच बघायची, आधी दात, मग पाठ, मग पोट. तिनं टेबलाखाली हात नेऊन कोटाचं खालचं बटण लावून टाकलं.

२

वाट सुरुवातीला साधीच होती. घरांची मागची दारं, कचऱ्याचे डबे, दोरीवर आडवे फडफडणारे मोजे. वारा असा की टोपी हातात धरूनच चालायचं. मग कुंपणं सुरू झाली. फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकलेल्या, डोक्याच्याही वर गेलेल्या. पलीकडचं एवढंसंसुद्धा दिसू नये म्हणून कोणीतरी मेहनत घेतली होती.

"शहरातल्या लोकांना लपवायला फार असतं," नेव्हिल पुढून म्हणाला.

वाट वळत होती आणि वळता वळता अरुंद होत होती. आधी दोघं शेजारी शेजारी मावले असते, आता एकाच्या मागे एक जावं लागत होतं. रेविनच्या कोपरांना दोन्हीकडून फळ्या घासायला लागल्या. तिनं बाही झटकली, तर बाहीवर तेलकट डाग. फळ्या कमरेच्या उंचीला काळ्या कुळकुळीत आणि गुळगुळीत झाल्या होत्या. घरच्या मेंढवाड्यातल्या फळ्या अशाच असतात. पण तिथे लोकरीचं तेल लागतं. इथे काय लागत असेल?

माणसं, दुसरं काय, तिनं स्वतःला समजावलं. सगळे इकडूनच चढतात, असं बाई म्हणालीच की.

पुढे वाटेला दोन फाटे फुटले होते. त्यांच्या बेचक्यात एक खांब आणि खांबाला एक फाटक. ते डावीकडे कललं की डावी वाट बंद, उजवीकडे कललं की उजवी. सार्वजनिक वाटेवर असलं फाटक कशाला, हा विचार तिच्या डोक्यात पुरता येण्याआधीच नेव्हिल डावीकडे गेला. फाटक हललं, कर्र वाजलंसुद्धा नाही. रेविनच्या समोर उजवी बाजू मोकळी होती. ती उजवीकडे गेली.

आपण वेगळ्या वाटेला लागलो हे तिला दहाबारा पावलं गेल्यावर कळलं. नेव्हिलची पाठ दिसत नव्हती.

३

वाट एका गवताळ सपाटीवर निघाली. तिथे वारा नव्हता. ऊन होतं, बाक होता, पलीकडे रस्त्यावर एक बस इंजीन चालू ठेवून उभी होती. गवतावर दोघीतिघी बायका पाय पसरून बसल्या होत्या, सगळ्या अंगानं भरलेल्या. बाकावर एक वयस्कर बाई बटाटे सोलत होती. तिनं पातेलं बाजूला सरकवून रेविनला जागा करून दिली.

"ये गं पोरी, बस. ह्या दिवसांत फार चढू नये."

"कसले दिवस?" रेविन म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा चढला.

गवतावरची एक जण फिसकन हसली. म्हातारी बटाटा फिरवत राहिली. "बरं बाई, कसले नाहीत. बस तरी."

"माझा नवरा पुढे गेलाय. त्याची वाट चुकली."

"चुकली नाही. त्याची बाजू ती."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू इकडची. नवऱ्याचं काय एवढं घेऊन बसलीस? बस सुटेल आता. चहा आहे, बिस्किटं आहेत."

रेविनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ह्या बयेला कोणी विचारलंय? बायकांना बायकांचं कळतं, चालण्यावरून, चेहऱ्यावरून कळतं, त्यात नवल नाही. पण चारचौघांत असं बोलायचं, आणि नवऱ्याबद्दल असं? कुंपणापलीकडून नेव्हिलची हाक आली; तो तिला 'रे' म्हणायचा. "रे! कुठं गेलीस तू?" त्या हाकेत एक घाबरा सूर होता. तो तिनं अकरा वर्षांत एकदाच ऐकला होता, दवाखान्यात. ती माघारी पळाली.

"परत गेलीस तर पुन्हा कोणी सांगायला यायचं नाही हं," म्हातारी मागून म्हणाली. त्यात राग नव्हता.

फाटकापाशी नेव्हिल उभा होता, टोपी गायब, केस विस्कटलेले. "वाऱ्यानं लागलं वाटतं हे मधे," तो म्हणाला. "मी बघतो तर मागे तूच नाहीस."

तो मागे बघतो हेच तिला नवीन होतं. "चल इकडे," ती त्याची बाही ओढत म्हणाली. "इकडे रस्ता आहे, बस आहे. बसनं जाऊ वर."

पण ते वळेपर्यंत फाटक उजव्या वाटेवर येऊन बसलं होतं. नेव्हिलनं खांदा लावला. पंचेचाळीस किलोची मेंढी काखेत उचलणारा माणूस तो, त्याच्यानं ते तसूभर हललं नाही. त्यानं फळ्यांवर चढायला पकड शोधली, तर बोट घालायला फट नव्हती.

"अडकलंय," तो धापा टाकत म्हणाला. "जाऊ दे. डावी वाट पण वरच जाते. मी बघून आलोय, पुढे अजून एक फाटक आहे."

"आपण खाली जाऊ."

आणि खाली, वळणाच्या आड, कुत्रा भुंकला.

४

तो साधा रस्त्यावरचा कुत्रा नव्हता. खोल, घुमणारा, एका तालात येणारा आवाज. मेंढ्यांच्या मागे राहून नुसत्या भुंकण्यानं कळप हाकणारे मोठे कुत्रे असतात, त्यांचा आवाज. टुलॉकांकडे तसे दोन होते.

दोघं चढायला लागले, आवाज थांबला. रेविन बुटाची नाडी बांधायला वाकली, तो सुरू झाला. आणि ह्या वेळी जवळून.

नेव्हिल थांबला, कान दिला, चार पावलं चालला, पुन्हा थांबला. त्याचा चेहराच खुलला. "बघितलंस? आपण थांबलो की भुंकतो, चाललो की गप्प. कसला तयार केलाय! आपला टिप ह्याच्यापुढे पाणी भरेल. मालक कोण ते विचारायला पाहिजे, पिल्लं देतो का बघू."

"नेव्ह, इथे मेंढ्या नाहीत."

"नसेनात का."

"मग तो हाकतोय काय?"

नेव्हिलनं वळणाकडे पाहिलं. "पोस्टमनला," तो शेवटी म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसला.

वर एका घराची खिडकी कुंपणाच्या वरून डोकावत होती. तिच्यात गंजीफ्रॉकवर एक माणूस कप हातात घेऊन उभा होता. "चला, चला," तो म्हणाला. "वाटेत उभं राहू नका."

"का हो? मागे तर कोणी नाही," नेव्हिल म्हणाला.

"असतं कोणीतरी."

"तुमचा का हा कुत्रा?"

"पाय उचला," तो माणूस म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

नेव्हिल पेटला. दक्षिणेत असं कोणी कोणाशी बोलत नाही. तिकडे अनोळखी माणसाला आधी चहा पाजतात, मग शिव्या देतात. त्यानं मूठ आपटून फळी वाजवली. "ए! बाहेर ये ना, खिडकीतून काय बोलतोस!" फळीला आवाजच फुटला नाही, मागे माती भरल्यासारखी ती घट्ट होती. कुंपणाच्या दुसऱ्या बाजूनंही कोणीतरी म्हणालं, "चला, चला." बाईचा आवाज. मग आणखी वरून एक. कोणाचं तोंड दिसत नव्हतं. ओरडत कोणी नव्हतं, पण त्या आवाजांत एक कंटाळा होता, आणि रेविनला त्या कंटाळ्याचीच जास्त भीती वाटली. दिवसभर तेच तेच काम करणाऱ्या माणसाला येतो, तो कंटाळा.

कुत्रा आता वळणाच्या अगदी अलीकडे होता. त्याचे श्वास ऐकू येत होते. मागे वळून बघायचं तर वाटेत नीट वळता येत नव्हतं.

५

दुसरं फाटक आणि त्याच्यामागचे दोन फाटे दिसले तिथे रेविनचे पाय थांबले.

घरी हे काम तिचं होतं. नेव्हिल मागून मेंढ्या हाकायचा आणि ती फाटकापाशी उभी राहायची. बोळकांडीतून एकेक मेंढी धावत येते. ती समोर आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं, ही ठेवायची की ही कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये, आणि हातातलं फाटक इकडे नाहीतर तिकडे फिरवायचं. गाभण असेल ती घराजवळच्या गवतावर. म्हातारी, लंगडी, भाकड, नर, ती दुसरीकडे. बोळकांडीच्या फळ्यांना फट ठेवायची नाही, म्हणजे जनावर बुजत नाही. वाट चढाची ठेवायची, कारण मेंढ्या चढाला आपणहून धावतात. वळण द्यायचं, म्हणजे पुढचं दिसत नाही. रुंदी एवढीच ठेवायची, की मागे फिरता येऊ नये. हे सगळं तिनं उभं राहून नेव्हिलकडून बांधून घेतलं होतं आणि तालुक्यातले लोक ते बघायला आले होते. इथे कोणीतरी तेच जास्त चांगलं बांधलं होतं.

तिनं त्याला सगळं सांगितलं, बटाटे सोलणाऱ्या म्हातारीचंसुद्धा, भराभरा, शब्द एकमेकांवर आपटत. नेव्हिल आधी बघत राहिला आणि मग खो खो हसला.

"म्हणजे मी कोण? म्हातारा एडका?"

"हसू नकोस."

"दात दाखवू का? बघून घे म्हणावं त्यांना. रे, बोटीचा त्रास मला झाला आणि डोकं तुझं फिरलं. गाव आहे हे! पंतप्रधान राहतो इथे!"

"तू चार पावलं पुढे जातोस ना," ती ओरडली, "त्या चार पावलांतच फाटक फिरतं! मध्ये जागा मिळाली तरच ते फिरवता येतं! अकरा वर्षं मी तुझ्या मागून धावतेय, एकदा म्हणून मागे बघितलं नाहीस तू!"

तो गोरामोरा झाला. कुत्रा भुंकत होता. आणि मग बंदर नाही, टेकडी नाही, ठरवलेलं काहीच नाही, अशा त्या घाणेरड्या बोळात रेविनच्या तोंडून ते निघून गेलं.

"नेव्ह, मला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. तो तिच्याकडे, तिच्या कोटाकडे, पुन्हा तिच्याकडे बघत राहिला. कुत्र्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसावा.

"खरं?"

"खरं."

"आणि ठीक आहे सगळं?"

"डॉक्टर म्हणाला, ह्या वेळी ठीक आहे. वर गेल्यावर सांगणार होते तुला. बंदर दाखवत."

नेव्हिलनं तिला जवळ घेतलं. त्या अरुंद जागेत त्याला हातसुद्धा धड फिरवता येईना. तो हसतोय की रडतोय हे तिला कळलं नाही. तिच्या केसांत तोंड घालून तो काहीतरी पुटपुटत राहिला, त्यातला तिला एवढाच एक शब्द ऐकू आला, "पोरगं, पोरगं." किती वर्षांनी तिला त्याचा वास इतक्या जवळून आला होता. असा माणूस आपल्याला परत मिळतोय, आणि तोही इथे! तिला त्या जागेचा अस्सा राग आला.

मग त्यानं तिला थोडं दूर धरलं आणि गंभीर होऊन विचारलं, "ती बटाटेवाली. तिला हे कळलं होतं?"

"हो."

"म्हणजे उजवी बाजू ठेवायच्यांची."

"हो."

"आणि डावी?"

रेविननं पुढच्या फाटकाकडे बघितलं.

"माझा विश्वास नाही ह्यावर, आधीच सांगतो," नेव्हिल म्हणाला. "पण समज असलंच खरं. तर तू जा. पोराला घेऊन उजवीकडे जा आणि त्या बसमध्ये बस. मी बघतो माझं."

"काय बघतोस? मागे कुत्रा, पुढे फाटक."

"रे, ऐक माझं."

"नाही ऐकत." तिनं डोळे पुसले. तिच्या डोक्यात आता भीतीच्या जोडीला दुसरंही काही चालू झालं होतं. ती फाटकावर उभी राहणारी बाई होती, तिला फाटकाची खोड माहीत होती. फाटकावरचा माणूस पुढच्या जनावराकडे बघतो. पुढचं जनावर चांगलं दिसलं की फाटक त्याच्यासाठी उघडतं. आणि त्याच्या शेपटीला नाक लावून दुसरं आलं, तर मध्ये फाटक घालायला जागा राहत नाही. कितीतरी लबाड मेंढ्या तिच्या हातून अशा निसटल्या होत्या.

"मी पुढे जाते," ती म्हणाली. "तू माझ्या पाठीला चिकट. कमरेला धर, दोन्ही हातांनी. कागद जाईल एवढीसुद्धा फट ठेवायची नाही. मला बघून उजवी वाट उघडेल आणि तू माझ्याबरोबर आत येशील."

"आणि मग?"

"मग बस. घर. अकरा वर्षं मी तुझी पाठ बघितली, आता तू माझी बघ."

नेव्हिल हसला. ती अंग चोरून त्याच्या पुढे सरकली, आणि त्यानं तिच्या कमरेला मिठी घातली.

६

ते निघाले. असं चालणं सोपं नसतं. त्याचे गुडघे तिच्या पोटऱ्यांना आपटत होते, त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकली होती. "तीन पायांची शर्यत," तो कानात म्हणाला. कुत्र्याचा आवाज थांबला. फळ्यांमागचं "चला, चला"ही थांबलं. सगळ्या बोळात त्यांच्या बुटांचा तेवढा आवाज.

फाटक किंचित हलत होतं. वारा, रेविनला अजूनही म्हणावंसं वाटलं. पण वाऱ्यानं हललेलं फाटक थरथरतं, ते असं वाट बघत नाही.

ती जवळ गेली आणि ते उघडलं. उजवीकडे. तिला गवत दिसलं, ऊन दिसलं, बसचा लाल पत्रा दिसला. ती पुढे झेपावली आणि नेव्हिल तिच्याबरोबर.

तेव्हा तिला फाटकाच्या कडेवरचा हात दिसला. मागचा माणूस फळ्यांच्या आड होता, हात तेवढा बाहेर. साधा, कष्टाचा, थंडीनं भेगाळलेला हात. अंगठ्याच्या बुंध्याशी, जिथे फाटकाची कड बसते, तिथे घट्टा होता. रेविनच्या हाताला तिथेच घट्टा आहे.

हात थबकला. फाटक एवढंसं मागे आलं, एवढंसं पुढे गेलं. ती घुटमळ तिनं ओळखली. जोडीनं आली की असंच होतं, हात विचार करतो. तिनं मान खाली घातली आणि जोर लावला.

फाटक आलं आणि तिच्या कमरेवर बसलं. दुष्टपणानं नाही, नुसतं कामापुरतं. उजवीकडचं ऊन मिटलं. त्यांच्या स्वतःच्या रेट्यानं ते दोघं डावीकडे घसरत गेले आणि मागे फाटकाची आगळ पडल्याचा आवाज आला.

"लागलं का गं?" नेव्हिलनं घाबरून विचारलं. त्याचे हात अजून तिच्या पोटावर होते.

"नाही," ती म्हणाली.

७

ती एक मोठी, चौकोनी जागा होती, चारी बाजूंनी उंच फळ्या. वर आकाश, पांढरं. बंदर कुठेतरी खाली असावं, कारण बोटीचं इंजीन ऐकू येत होतं, एका जागी उभं राहून धडधडणारं. एका बाजूला फळ्यांचा एक रुंद उतार खाली गेला होता आणि त्याच्या तोंडाशी साखळी लावलेली होती.

तिथे माणसं होती. बहुतेक एकेकटी, भिंतीला धरून, म्हातारे जास्त. पण मधोमध काही जोडपी उभी होती. प्रत्येक जोडीत बाई पुढे आणि पुरुष मागे, तिच्या कमरेला मिठी घालून, हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवून. मध्ये कागद जाईल एवढीसुद्धा फट नाही. बायकांनी कोटांची खालची बटणं लावलेली होती. त्यांच्याकडे कोणीही वळून बघितलं नाही.

"बघ," नेव्हिल म्हणाला, "तुझ्यासारखी अजून पण आहेत वेडी." तो सुटकेनं हसत होता. "काही झालं नाही ना? साधी जागा आहे. बोटीची वाट बघतायत लोक. आपल्याला वळसा पडला, एवढंच." त्यानं तिच्या गालावर गाल घासला. त्याची दाढी राहिली होती. "मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव नको हं. आधीच सांगतो. मुलगा झाला तर तू ठेव, मी हूं की चूं करणार नाही."

तो बोलत राहिला. गेल्या अकरा वर्षांत बोलला नसेल एवढा बोलत राहिला, पाळणा कुठे ठेवायचा, मागची खोली कधी रंगवायची. रेविन ऐकत नव्हती. तिला फळ्यांपलीकडे दोन माणसं बोलताना ऐकू येत होती, अगदी जवळ, फाटकापाशी.

"त्यातली पुढची गाभण होती," एक पुरुष म्हणत होता. तरुण आवाज, थोडा कळवळलेला. "चांगली होती. उघडू का परत?"

गेल्या ऑगस्टात एक गाभण मेंढी अशीच एका लंगड्याला चिकटून भलत्या बाजूला गेली होती. पहिल्या वेताची, चांगल्या लोकरीची. मागून नेव्हिल ओरडला होता, रे, ती गाभण होती, उघडू का? चहाची वेळ होत आली होती आणि तिचा हात दुखत होता. तिनं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. काय उत्तर दिलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि तिनं फळ्यांवर धाव घेतली, पण नेव्हिलची मिठी सुटेना. त्याला वाटलं ती आनंदानं उसळतेय. तो तिला आणखी घट्ट धरून हसत राहिला. ती ओरडली, "थांबा! मला बघा! मला बघा!" आणि मधल्या जोडप्यांतल्या एका बाईनं डोळे मिटून घेतले.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, थकलेला, आणि वाईटही नाही.

"राहू दे. काम खोळंबेल."